परदेशातला भाचा

चष्मेवाल्याचं पोट सुटलं होतं, हे त्याच्या दुकानातल्या आरशांनी त्याला बरीच वर्षं सांगून पाहिलं होतं. चष्म्याच्या दुकानात आरशांना काही तोटा नसतो. पण आरसे गिऱ्हाइकांसाठी असतात, अशी सोयीस्कर समजूत करून घेऊन तो काउंटरमागच्या उंच स्टुलावर दिवसभर बसून राहायचा. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं, "चालायला लागा, जमलं तर पळायला लागा" म्हणून दम भरला, आणि बायकोने दुसऱ्याच दिवशी नवे बूट आणून त्याच्यापुढे आदळले.

एकट्याने पळायची त्याला लाज वाटायची. लोक हसतील असं वाटायचं. म्हणून तो रविवारच्या मंडळींत जाऊन मिसळला. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाईंनी हा घोळका जमवला होता. नोकरी सुटली तरी बाईंच्या गळ्यातली शिटी काही सुटली नव्हती. त्यांचा नियम साधा होता. मैदानावरून पळत निघायचं, कुणाचं तरी अडलेलं काम करायचं आणि पळतच परत यायचं. कधी वाचनालयाच्या अंगणात माती टाकायची, कधी ओढ्याकाठचा कचरा उचलायचा. एकट्याने राहणारी म्हातारी माणसं असतील त्यांच्याकडे जोडीजोडीने जायचं, बल्ब बदलायचा, गाद्या उन्हात टाकायच्या, घटकाभर बोलत बसायचं.

"नुसता घामच गाळायचा असेल तर घरी पंखा बंद करून बसा की," बाई म्हणायच्या. "आमची सकाळ कशाला फुकट घालवता?"

चष्मेवाला पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत पळाला आणि तिथल्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. पण हळूहळू त्याला दम टिकवता येऊ लागला. पट्ट्याला आतलं भोक पाडावं लागलं. आणि पोट आत गेलं तशी छाती जरा पुढे आली. मातीची पाटी डोक्यावर घेतलेला स्वतःचा फोटो त्याने दुकानात काउंटरच्या मागे लावला. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो सांगायचा, "आपल्याच गावात किती म्हातारी माणसं एकटी पडलीत, तुम्हाला कल्पना नाही. पोरंबाळं असून नसल्यासारखी." गिऱ्हाईक मान डोलवायचं. डोलवणारच, तोंडासमोर आरसा धरलेला असल्यावर दुसरं करणार काय?

एका रविवारी दातवालीच्या जोडीदाराचा पाय मुरगळला. दातवाली म्हणजे दातांची तरुण डॉक्टर. मंडळींत कुणी जांभई दिली तरी ती आत वाकून बघायची, म्हणून हे नाव पडलं होतं. ती दर रविवारी एका आजींकडे जायची. आज त्यांचं जड कपाट खिडकीपासून हलवायचं होतं, एकटीला ते जमणारं नव्हतं.

"चष्मेवाले, तुम्ही जा हिच्याबरोबर," बाई म्हणाल्या. "ती दात बघेल, तुम्ही डोळे बघा. आजींचं सगळं डोकं तपासून होईल."

सगळे हसले, तोही हसला, आणि दोघं पळायला लागली. पत्ता विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. सायकल दुरुस्तीचं दुकान मागे पडलं, पाण्याची टाकी मागे पडली, आणि दातवाली डावीकडे वळली तेव्हा त्याची पावलं मंदावली. ही गल्ली तो दोन वर्षांहून जास्त काळ टाळत आला होता. तिकडे काम निघालं तर टाकीला वळसा घालून जायचा. गल्लीच्या टोकाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याची आत्या राहायची.

गल्लीत पंचवीस घरं असतील, त्याने स्वतःला समजावलं. पण दातवाली त्याच इमारतीच्या दारात थांबली.

"माझी पोटरी धरलीय," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. मी बसतो इथेच."

"कठड्याला धरून या हळूहळू. कपाट मी एकटी कशी हलवू?"

ती जिना चढलीसुद्धा. तो मागोमाग गेला. त्याची आई तो लहान असतानाच गेली, वडील कायम फिरतीवर. या जिन्यावरून आत्याने त्याला कडेवर नेला होता, पुढे दप्तरासकट ओढत नेला होता. तिने लग्न केलं नाही, त्यालाच वाढवला. तो गुबगुबीत होता म्हणून ती त्याला ढब्बू म्हणायची. दुकान थाटल्यावर पहिला चष्मा त्याने तिलाच करून दिला होता.

भांडण असं काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने तिला स्वतःच्या घरी आणलं. मुलीची परीक्षा जवळ आली होती, घर लहान होतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आत्या, आता छान दिसतंय ना तुला? मग उद्या सोडू का घरी?" आत्या म्हणाली, "उद्या कशाला? आत्ताच सोड." निघताना ती "येत जा" म्हणाली, तो "हे काय, पलीकडे तर आहेस" म्हणाला. मग आठवडा गेला, महिना गेला. तिचे फोन आले तेव्हा दुकानात गर्दी होती. नंतर करतो म्हणाला आणि केला नाही. मग इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडाने जायचं असं वाटू लागलं, आणि ते तोंड दर महिन्याला लहान लहान होत गेलं. तिचे फोनही थांबले.

दार उघडलं. आत्या वाळली होती. तिने आधी दातवालीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नजर त्याच्या चेहऱ्यावर थांबली. त्याला वाटलं, आता ही बोलणार.

"तुम्ही नवीन का?" आत्या म्हणाली.

आयुष्यात ती त्याला पहिल्यांदा तुम्ही म्हणाली होती. खरं सांगायला तेवढा एकच क्षण होता. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून "हो" बाहेर पडलं.

"बसा. पळून आलात, पाणी देते."

ती आत गेली तशी दातवाली त्याच्या कानाशी लागली. "फार गोड आहेत हो. यांचा भाचा परदेशात असतो. पोटच्या पोरासारखा वाढवला त्याला. तोही गुणाचा आहे म्हणे, दर रविवारी रात्री न चुकता फोन करतो. त्याच्याच बळावर राहतात एकट्या."

चष्मेवाल्याने पायातल्या मोज्यांकडे बघत मान हलवली.

पाणी घेऊन आत्या आली. तिचा चष्मा नाकावरून घसरला होता. त्यानेच दिलेला. डाव्या काडीच्या सांध्यावर पांढरा गोळा चिकटवलेला होता.

"ते माझं काम," दातवाली हसत म्हणाली. "दातात भरायचं सिमेंट लावलंय. अहो आजी, पण आज देवच पावला तुम्हाला! यांचं चष्म्याचंच दुकान आहे. द्या ना त्यांना, नीट करून देतील."

आत्याने चष्मा बोटाने वर सरकवला. "नको. माझा भाचा आला की तोच करून देणार आहे. त्याच्या हातचाच लागतो मला."

"परदेशातून चष्मा करायला येणार तो?"

"येईल की. वेळ नसतो गं त्याला, कामच तसलं आहे."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चष्मेवाल्याला सोसला असता. तो उठून घाईघाईने कपाटाला जाऊन भिडला. दातवालीने दुसरी बाजू धरली आणि जोर लावला. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा, खालचा खण आधी काढा, नाहीतर दार अडकतं."

दातवालीने मान वर केली. "तुम्हाला काय माहीत?"

आत्या मागून शांतपणे म्हणाली, "जुनी कपाटं सगळी अशीच असतात. अनुभवी दिसतात हे."

कपाट हललं. खिडकीतून ऊन आत आलं आणि नेमकं त्याच्याच तोंडावर पडलं. निरोप घेताना आत्याने दोघांनाही सारखंच "सावकाश जा" म्हटलं.

घरी आल्यावर त्याला घास गिळवेना. बायकोने दोनदा विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. तिने त्याचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "तेव्हा मीही तुला अडवलं नाही. घर लहान पडतंय म्हणून मीच कुरकुर करत होते. पण ती 'नवीन का' म्हणाली आणि तू हो म्हणालास? हो कसं म्हणवलं रे तुला?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो हत्यारांची पेटी आणि नंबर तपासायच्या काचा घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला.

"आज रविवार नाही," आत्या म्हणाली.

"आत्या..."

"ये आत. जिन्यात रडू नकोस, शेजारी बघतील."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "तू मला का ओळखलं नाहीस काल? चार शिव्या द्यायच्यास. तिच्यासमोर कान धरायचास माझा."

"आणि त्या पोरीला काय सांगू?" आत्या म्हणाली. "एवढी शिकलेली मुलगी, सुट्टीच्या दिवशी झोप मोडून माझ्याकडे पळत येते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, आजी, तुमचं कोणी नाही का? माझा भाचा टाकीच्या पलीकडे राहतो आणि येत नाही, असं सांगू? मला लाज वाटली रे. मग म्हटलं, परदेशात असतो. एकदा परदेशात पाठवल्यावर फोन नको का करायला? म्हणून फोनही करायला लावला तुला दर रविवारी."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत्तापर्यंत त्याला स्वतःची लाज वाटत होती. त्याच्यापायी आत्यालाही लाजायला लागलं, खोटं बोलायला लागलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मी रागावले नव्हते," आत्या म्हणाली. "आधी वाट बघायचे. मग बघेनाशी झाले. आता तू आलास तर बरं वाटतंय, पण लगेच आनंदाने नाचता येत नाही मला. वेळ लागेल."

"लागू दे."

"आणि एक. तू आलास म्हणून त्या पोरीचं येणं बंद व्हायचं नाही. ती माझी आहे."

मग तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला. त्याने एकेक काच डोळ्यापुढे धरून नंबर तपासला. नंबर किती बदलला होता! एवढे दिवस ती धुक्यात वावरत होती आणि तो गिऱ्हाइकांना आरसे दाखवत होता.

पुढच्या रविवारी मैदानात दातवाली आनंदाने सांगत सुटली होती. "काल सहज डोकावले आजींकडे. त्यांना नवा चष्मा आलाय! भाचा येऊन गेला म्हणे, दोन दिवसांसाठी. वर्तमानपत्र घडाघडा वाचून दाखवलं मला!"

पीटीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आत्याने त्याला पुन्हा एकदा झाकून घेतलं होतं. तो गप्प राहिला असता तर जन्मात कुणाला कळलं नसतं. त्याचे कान तापले.

"तो भाचा मीच," तो म्हणाला.

सगळ्यांना आधी ती थट्टाच वाटली. दातवाली हसली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

"परदेशात मी कधीच नव्हतो. इथेच होतो. दोन वर्षं गेलो नाही तिच्याकडे. त्या दिवशी गेलो तेही चुकून, तुमच्या मागोमाग."

कोणाला तरी खोकला आला. दातवाली त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मी तुमच्यासमोर तुमचंच कौतुक करत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि तुम्ही मान हलवत होता."

"हो."

"त्यांच्या घरात बसून, त्यांच्या हातचं पाणी पीत."

"हो."

तिने पाठ फिरवली आणि एकटीच पळत निघाली. बाईंनी शिटी ओठाला लावली, पण फुंकली नाही. "चला," एवढंच म्हणाल्या, आणि मंडळी पांगली. चष्मेवाला सगळ्यांच्या मागून निघाला. त्या दिवशी त्याने ओढ्याकाठी एकट्याने कचरा उचलला. त्याच्याशी बोलायला कुणी आलं नाही आणि यावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती. वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दुकानात जाऊन त्याने फोटो उतरवला. तिथल्या भिंतीवर फिकट चौकोन राहिला, तोही त्याला दिवसभर बघवेना.

आत्याकडे तो जात राहिला. बुधवारी, शनिवारी, कधी एकटा, कधी बायको-मुलीला घेऊन. रविवार मात्र दातवालीचा. जिन्यात गाठ पडली तर ती बाजूला होऊन वाट द्यायची, बोलायची नाही. आत्या दोघांचं आपापलं ऐकून घ्यायची, मध्ये पडायची नाही. मंडळींत पूर्वीसारखी थट्टा सुरू झाली, पण चष्मेवाला जवळ आला की म्हाताऱ्या माणसांचा विषय लोक आवरता घ्यायचे. तो ते बघायचा आणि बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचा.

असे बरेच रविवार गेले. एके दिवशी टाकीजवळ दातवाली पळता पळता त्याच्या बरोबरीला आली. समोरच बघत म्हणाली, "उद्या आजींना दवाखान्यात न्यायचंय. मला पेशंट आहेत, सकाळी निघता येणार नाही. तुम्ही न्याल?"

"नेतो."

"नक्की?"

नातेवाइकाला कुणी असं विचारत नाही. हा प्रश्न त्याला अजून पुष्कळ दिवस विचारला जाणार होता, आणि विचारणाऱ्यावर चिडायचा हक्क त्याला उरला नव्हता.

"नक्की," तो म्हणाला. "नऊला दारात उभा असेन. तिथून तुम्हाला फोन करतो, तिलाच देतो बोलायला."

दातवालीने मान डोलावली. तिने वेग वाढवला नाही. वळणापर्यंत ती त्याच्याच चालीने पळत राहिली.