नातीच्या वहीतली धोंडाबाई

माझी बायको धोंडाबाई जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत घरात तिचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. घेतलं ते स्वरदानं, माझ्या नातीनं. ती आमच्या वस्तीवरच्या शाळेत चौथीत आहे.

शाळेतल्या नीळकंठ सरांनी मुलांना इतिहासातून लिहायला शिकवायचं ठरवलं होतं. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि आपल्या माणसाचा इतिहास लिहा, असं त्यांनी सांगितलं. कल्पना चांगली होती. पण मग त्यांनी फळ्यावर दहा शब्द लिहून दिले: तेजस्वी, धगधगता, सुवर्णाक्षरांनी, असले. त्यातले सहा तरी निबंधात यायलाच हवेत. चांगल्या निबंधांचं पुस्तक निघणार होतं आणि त्याच्या प्रकाशनाला इंदापूरहून अधिकारी बाई येणार होत्या.

मग म्हाताऱ्यांना कोण आवरणार? रावजीच्या खापरपणज्यानं महाराजांच्या घोड्याचा लगाम धरला होता. छबूबाईच्या सासरच्यांनीही तोच धरला होता. एकोणीस घरांतून एकोणीस लगाम निघाले.

मी रावजीला पारावर गाठलं. "रावजी, घोडा पळायचा तरी कसा रं? सगळी वस्ती लगामाला लोंबकळलीया."

"तुजा खापरपणजा कुठं हुता तवा?"

"मागं आसंल. लीद भरत."

स्वरदाला मी आजीचं खरं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांची धोंडाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. बोटांना चिंध्या बांधायची. कामावर खायला सुकडी मिळायची, त्यातली अर्धी धाकट्या भावाला नेऊन द्यायची. स्वरदानं तेवढंच लिहिलं. वही लाल शेरा घेऊन परत आली: 'आजी अधिक प्रेरणादायी करावी.'

मी शाळेत गेलो.

"आबा, नुसती खडी फोडणं म्हणजे इतिहास नव्हे," सर म्हणाले. "जरा उठाव पाहिजे. आजींनी मुकादमाविरुद्ध मोर्चा काढला, असं करू. हातात मशाल देऊ."

"भर दुपारी?"

"मशाल कधीही चालते, आबा. वर नाव येईल, वीरांगना धोंडाबाई."

मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण तिचं नाव कुठं छापून आलं होतं ते एकदाच, पेपरात, ती गेली तेव्हा. ते पुन्हा मोठ्या अक्षरांत यावं असं मला वाटलं. मी होकार देऊन घरी आलो.

संध्याकाळी स्वरदा लिहायला बसली. मी सांगत गेलो. धगधगती मशाल झाली, तेजस्वी भाषण झालं. तिनं पेन थांबवलं.

"आबा, आजी चारचौघांत बोलायची?"

"न्हाय. तोंडातनं शब्द निघायचा न्हाय तिच्या."

"मग ही बाई कोण हाय?"

मशालवाल्या बाईबरोबर मी एक दिवसही काढला नव्हता.

"तुला यायचंय का पुस्तकात?" मी विचारलं.

"व्हय." मग म्हणाली, "पण ह्या बाईला घिऊन नको."

तिनं पान खोडलं आणि पहिलाच निबंध सरांना दिला. सरांनी तो पुस्तकात घेतला नाही.

पुस्तक बारामतीहून छापून आलं. प्रकाशनाला अधिकारी बाईंनी चार पानं वाचली आणि म्हणाल्या, "किती जिवंत लेखन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात रावजीनं. स्वरदा माझ्या शेजारी बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. घरी आल्यावर रडली. मग तोंड धुऊन वही घेऊन माझ्यापुढं बसली.

"आबा, आजी खडी फोडायची तवा तुमी कुठं हुता?"

"त्याच कामावर. पाट्या वाहायचो. तितंच पयल्यांदा बघितली तिला."

"हे सांगितलं न्हाय तुमी!"

"सरांच्या इतिहासात मी कुठं हुतो?"

"मग आजी काय म्हणाली तुमाला?"

"म्हणाली, 'सरक तिकडं. डोळ्यात खडी उडंल.'"

स्वरदानं मान खाली घातली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.