नवसाचं कोकरू

बानाबाईने नातीची हनुवटी उजेडाकडे वळवली, अंगठ्याने खालची पापणी ओढली आणि आत निरखून पाहिलं. मलूल मेंढीचीही ती अशीच पापणी ओढून बघायची. आतून फिकी असली तर जनावराचं रक्त आटलेलं, गुलाबी असली तर काळजी नको.

“रगत भरलंय पोरीत,” ती सुनेला म्हणाली. “डोळा कसा निर्मळ हाय. सुटलो बग एकदाचं.”

राजाबाईने हात जोडले. गोदाच्या आतड्याला सूज होती. शौचातून रक्त जाऊन जाऊन नऊ वर्षांची पोर वाळून गेली होती. दवाखान्यात नळी घालून आतडं तपासलं, शेवटी औषध लागू पडलं, पोट शांत झालं. म्हणून तर शहरातल्या पुंडलिकनगरच्या खोलीला कुलूप लावून मायलेकी वेरूळच्या वाटेवर, सासऱ्यांच्या मेंढ्यांच्या तळावर आल्या होत्या. बिरोबाला कोकरू बोललेलं होतं. ज्याच्यासाठी नवस, त्यानेच भंडारा लावून कोकरू द्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. रानातून येताना गोदाने आईचं बोट एकदाही सोडलं नव्हतं. आजारपणात पोर लाडावली, असं राजाबाईला वाटलं.

पोटाच्या डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं. या आजारात मुलांच्या डोळ्यांनाही आतून सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, तरी तपासून घ्या. राजाबाई तेव्हा मान डोलावून आली. आज सासूने पापणी बघून निर्वाळा दिला, आणि आणखी एका दवाखान्याची धास्ती घेतलेल्या राजाबाईला तो हवाच होता.

आजोबांनी, मुंजाबांनी, जाळी उचलून कोकरं मोकळी केली.

“त्या काळ्याला लाव गं, गोदे. तुझ्या भुऱ्याला नगं.”

भुऱ्या गोदाचा जीव की प्राण. त्याची आई मेली तेव्हा तिनेच बाटलीने दूध पाजून त्याला जगवलं होतं. अंग भुरकं, कपाळ पांढरं. लांबूनही ओळखू यावा असा. काळं कोकरू बुजून मागे सरलं. भुऱ्या मात्र गोदाचा वास लागताच गर्दीतून घुसत आला आणि तिच्या पायाशी उभा राहिला.

गोदाने वाकून त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

“लावला, आबा. काळ्याला.”

भर सकाळचं ऊन होतं. पोर थट्टा करतेय, असं राजाबाईला वाटलं. मग तिने पोरीच्या नजरेकडे पाहिलं.

भुऱ्या नेहमीसारखी गोदाच्या फ्रॉकची किनार चोखायला लागला. तिचा हात त्याच्या कानावर गेला. कुत्र्याने तोडलेला, अर्धाच उरलेला कान. हात तिथेच थांबला.

“गोदे,” राजाबाईने विचारलं, “तुला दिसत नाय का?”

“धूर धूर दिसतंय. लई दिवस झाले.” गोदाचा आवाज रडवेला झाला. “सांगितलं आसतं तर पुन्हा नळी घातली आसती ना, आई.”

“दुखतंय का?”

“नाय. कवाच नाय दुखलं.”

डॉक्टरांचं बोलणं आता राजाबाईला शब्द न् शब्द आठवत होतं. एवढी भीती तिला रक्त बघूनही वाटली नव्हती. रक्त निदान दिसत तरी होतं.

बानाबाई पुढे आली. सवयीने तिचा अंगठा नातीच्या पापणीकडे गेला आणि गालावरच थबकला. तिने हात मागे घेतला. मग खाली बसून ती पदराने भुऱ्याचं कपाळ पुसायला लागली. पिवळा डाग निघेना, तशी अधिकच घासू लागली.

“आत्याबाई, लावलेला भंडारा...” राजाबाई कशीबशी बोलली.

“बिरोबा थांबंल,” वर न बघता बानाबाई म्हणाली. “डोळ्याचा दवाखाना कवा उघडतो, राजा?”