किल्लीचं झाकण

आईच्या, सुलाबाईंच्या, डोळ्यांसाठीच सिद्धोधननं ती जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. साखरेच्या आजारानं त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलेली, आणि दर महिन्याला परभणीला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. डॉक्टर ते शनिवारीच द्यायचे. सिद्धोधन जिंतूरला एका कॉलेजात क्लार्क होता, शनिवारी त्याला सुटी नसायची. म्हणून आईला नेण्या-आणण्याचं काम त्याच्या मेव्हण्यानं, धम्मपालनं, आपणहून अंगावर घेतलं होतं. धम्मपाल म्हणजे सिद्धोधनच्या बायकोचा, सुकेशनीचा, धाकटा भाऊ आणि सुलाबाईंचा सख्खा भाचा. राहायला जिंतुरातच, दोन गल्ल्या पलीकडं. नोकरीला बोरीच्या शाळेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मोटरसायकलवर यायचा, आत्याला हाताला धरून गाडीत बसवायचा आणि निघायचा.

उन्हाळा लागला तसं गाडीचं पेट्रोल लवकर सरायला लागलं. सिद्धोधन टाकी भरून आणायचा, गाडी दारातल्या उतारावर उभी करायचा, आणि चार दिवसांनी बघावं तर काटा खाली आलेला. गाडीत वासही यायचा. सुलाबाई मागं बसल्या की पदर नाकाला लावायच्या.

"मला मळमळायलंय बाबा. रॉकेल सांडल्यावानी वास यायलाय."

"जुनी गाडी हाय, आई. एवढा वास यायचाच," सिद्धोधन म्हणायचा.

टाकीच्या झाकणाखाली पत्र्यावर एक काळपट ओघळ दिसायचा. गाडी धुताना तो फडक्यानं पुसून काढायचा. दुसऱ्या दिवशी ओघळ पुन्हा असायचा, त्यावर धूळ चिकटलेली. त्याला वाटायचं, रस्त्याचीच घाण.

त्याच्या मनात आलं ते वेगळंच. गाडीची किल्ली दोघांकडंच असते. एक आपल्याकडं, एक धम्मपालकडं. धम्मपाल रोज बोरीला मोटरसायकलवर जातो. एकदा हा विचार डोक्यात शिरला आणि मग निघेना. धम्मपालनं गाडी आणून लावली की तो आधी काटा बघायचा. सुकेशनीला तो काही बोलला नाही, पण तिला ते दिसत होतं.

एका रविवारी तो धम्मपालच्या घरी गेला. धम्मपालची बायको मनिषा ओट्यावर हरभरे निवडत बसली होती, शेजारचे रंगनाथ काका पेपर वाचायला आलेले. सिद्धोधननं उभ्याउभ्याच विचारलं,

"धम्मपाल, गाडीतलं पेट्रोल तू काढायलास का?"

धम्मपालला आधी कळलंच नाही. "कुठलं पेट्रोल, दाजी?"

"पाहिजे असंल तर मागून घे. मी न्हाई म्हणणार न्हाई. पण असं गुपचूप नको."

रंगनाथ काकांनी पेपर खाली ठेवला. मनिषाचा हात सुपातच थांबला. धम्मपाल उठला. मग आत गेला, खुंटीवरची किल्ली आणली आणि सिद्धोधनच्या हातात ठेवली.

"आत्याला आता तुमीच न्या," एवढंच तो म्हणाला.

घरी आल्यावर सुकेशनीनं विचारलं, "तुमी डोळ्यानं बघितलंव का त्याला काढताना?"

"बघायची गरज काय? पेट्रोल काय हवेत उडून जायलंय का?"

 त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलायची.

सिद्धोधननं बाजारातून टाकीचं कुलपाचं झाकण आणून बसवलं. जुनं झाकण डिकीत टाकून ठेवलं. गंमत म्हणजे पेट्रोल सरायचं थांबलं, वासही गेला. आपला संशय खराच होता, याची त्याला खात्री पटली. मात्र शनिवार काही जमेना. कॉलेजात परीक्षा सुरू झाल्या होत्या, रजा मिळत नव्हती. एक इंजेक्शन चुकलं. पुढच्या महिन्यात निकालाचं काम निघालं, दुसरंही चुकलं. गल्लीतल्या भाड्याच्या गाडीनं जाऊ म्हटलं, तर सुलाबाई म्हणाल्या, "परक्या माणसासंगं मी न्हाई जाणार. धम्मपालला बोलाव की." त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सिद्धोधन म्हणाला, त्याला शाळेत काम हाय.

मग सुलाबाई एक दिवस चहाचा कप ठेवायला गेल्या आणि टेबलाच्या कडेबाहेर ठेवून मोकळ्या झाल्या. कप फुटला. खाली चाचपडत त्या म्हणाल्या, "मधीच काळं दिसायलंय. बाजूचं दिसतंय, मधलं न्हाई."

त्या शनिवारी सिद्धोधननं रजा टाकली. टाकी भरली, आईला आणि सुकेशनीला घेऊन सकाळीच निघाला. बोरी जवळ आली आणि गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर येईना. शेवटी रस्त्याच्या कडेला बंद पडली. थोडं थांबून सेल्फ मारला तर सुरू झाली, जरा पुढं गेली, पुन्हा बंद. ऊन चढायला लागलं होतं. सुलाबाई खिडकीतून रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या, पण बघत कुठंच नव्हत्या.

सुकेशनीनं नवऱ्याला विचारलं नाही. तिनं फोन लावला. "धम्मा, आत्या गाडीत हाय. बोरीच्या अलीकडं बंद पडलीय."

धम्मपाल मुख्याध्यापकांना सांगून लगेच आला. आल्याआल्या आत्याजवळ गेला, तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. सुलाबाईंनी त्याचा हात चाचपला. "लय दिवस आला न्हाईस रे."

"आलो की आता."

मग त्यानं पुढून येऊन काटा बघितला. "काटा तर फुल्ल दाखवायलाय. काटाच अडकला असंल. पेट्रोल हाय का न्हाई ते आधी बघू. झाकण उघडा, दाजी."

सिद्धोधन जागचा हलला नाही. धम्मपालनं स्वतःच टाकीवरची पत्र्याची झडप उघडली. आत चकचकीत कुलूप होतं. तो ते बघत उभा राहिला. बाजूनं एक ट्रक धूळ उडवत गेला.

सिद्धोधननं खिशातून जुडगा काढला, छोटी किल्ली वेगळी केली आणि त्याच्यापुढं धरली.  धम्मपालनं किल्ली घेतली, कुलूप फिरवलं. झाकण सैल झालं तसा टाकीतून सूं करून लांब श्वास ओढल्यासारखा आवाज आला. बाहेरची हवा आत घुसत होती. सुकेशनी न सांगता ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि सेल्फ मारला. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

"हवाच जात नव्हती आत," धम्मपाल म्हणाला. "पेट्रोल खाली सरंल तशी हवा जावी लागतीय. ह्या झाकणाला त्याची जागाच न्हाई, गावातल्या फेरीला कळलं नसंल. जुनं कुठंय?"

सिद्धोधननं डिकी उघडली. जुन्या झाकणात आतल्या बाजूनं रबराची कडी होती. त्यानं ती अंगठ्यानं दाबली. रबर वाळून कडक झालं होतं, ठिकठिकाणी तडकलं होतं, आणि एका बाजूनं तुकडाच निघालेला. गाडी उतारावर उभी असली की भरलेल्या टाकीतलं पेट्रोल तिथूनच झिरपत होतं. तो ओघळ, तो वास, आईची मळमळ. सगळं त्याच्या तळहातावर होतं.

"धम्मपाल," तो म्हणाला, "मी चुकलो."

"आधी आत्याला न्या. उशीर व्हायलाय." धम्मपालनं झाकण मुद्दाम सैल बसवलं, त्यावर ओलं फडकं बांधलं. "रस्त्यात कुणी बिडी-सिगरेट वढणारा जवळ येऊ देऊ नका. झरीला थांबून एकदा बघून घ्या."

परभणीत डॉक्टरांनी बराच वेळ डोळे तपासले. दोन महिने का आला नाहीत, असं विचारलं. सिद्धोधननं आईची फाइल पुढं सरकवली. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचं जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही, डावा सांभाळू. सुलाबाईंनी ऐकलं आणि चपला शोधायला पाय पुढं केला. सुकेशनीनं वाकून त्या त्यांच्या पायात घातल्या.

सोमवारी सिद्धोधननं मेकॅनिककडून त्याच गाडीचं, त्याच मापाचं झाकण बसवून घेतलं. कडीवर धूळ बसू द्यायची नाही, रबर कडक झालं की लगेच बदलायचं, हेही विचारून घेतलं. संध्याकाळी तो धम्मपालकडं गेला, जाताना रंगनाथ काकांना हाक मारून बरोबर घेतलं. जे काकांसमोर बोलला होता, ते त्यांच्यासमोरच मागं घेतलं. झाकणाचं सगळं सांगितलं. कुणाचीही माफी मागायची त्याला सवय नव्हती.

मनिषानं चहा दिला. "भाऊ, तुमी आलाव, बोललाव, बरं केलंव," ती म्हणाली. "पण त्या दिवशीपासून हे पंपावर गेले की पावती मागून घ्यायलेत. कुणी इचारलं तर दाखवायला."

धम्मपाल खाली बघत होता. सिद्धोधननं गाडीची दुसरी किल्ली त्याच्यापुढं ठेवली.

"किल्ली राहू द्या, दाजी," धम्मपाल म्हणाला. "आत्याला मी नेतो. दर शनिवारी म्हणाल तरी नेतो. पण एसटीनं."

पुढच्या महिन्यात तो शाळा सुटल्यावर आला. सिद्धोधननं रजा काढली होती, गाडी पुसून दारात उभी केली होती. धम्मपालनं गाडीकडं बघितलं नाही. आत्याचा हात धरला, उंबऱ्यापाशी "पायरी हाय" म्हणाला आणि तिला घेऊन स्टँडकडं निघाला. सिद्धोधन थोडा वेळ दारात उभा राहिला. मग चप्पल घालून त्यांच्या मागोमाग गेला, आणि बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. धम्मपालनं वळून बघितलं, पण उठा म्हणाला नाही.