चांगुणाच्या नावानं

गोजराबाय न्हाणीत पडली, डोक्याला मार लागला आणि तिची शुद्ध हरपली. चांगुणाबाईनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पण ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायला गेली, तर समोरून प्रश्न आला, "नातं काय?"

चांगुणाबाईला सांगता येईना. एकतीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती तान्ह्या अक्षताला घेऊन घणसोली गावात गोजराची भाडेकरू म्हणून आली होती. वर्षभरात दोघींची चूल एक झाली. गोजराही विधवा, मूलबाळ नाही. अक्षता दोघींनाही आईच म्हणत मोठी झाली. एवढं सगळं फॉर्मवर कुठं लिहायचं? शेवटी गोजराचा पुतण्या धनेश संध्याकाळी उगवला, तेव्हा सही झाली.

शुद्धीवर आल्यावर गोजराला हे कळलं आणि डोक्याच्या टाक्यांपेक्षा तेच जास्त ठणकलं.

चालता येऊ लागताच ती खारघरला सुचिता वकिलीणबाईंकडे गेली.

"काकू, तुम्ही काही लिहून ठेवलं नाही, तर घर तुमच्या सासरच्यांकडे जाईल," सुचितानं स्पष्ट सांगितलं. "चांगुणाबाईंना तिथं राहायचाही हक्क उरणार नाही."

"घर मी बांदलाय, माज्या नावावर हाय. लिही. चांगुना जीव हाय तवर राहील, मंग अक्षताचा."

मृत्युपत्र तयार झालं. दवाखान्यात आपल्या वतीनं चांगुणाबाईनं बोलावं, असा दुसरा कागदही झाला. दोन साक्षीदार हवे होते. एक डॉक्टर मिळाले. दुसरं माणूस गावातलं असलं तर बरं, असं सुचिता म्हणाली. पण कुणकुण लागताच धनेशनं सही करू नका म्हणून आधीच घरोघरी सांगून ठेवलं होतं. गोजरा सात दारांत गेली. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाला लग्नाला जायचं होतं.

त्या संध्याकाळी धनेश ओटीवर येऊन ओरडला, "काकी, परक्या बाईला घर देतेस? गावात तोंड कसा दाखवायचा आमी?"

गोजरा बोलणार, इतक्यात मागून त्याची आई वेणूबाय आली. गोजराची थोरली जाऊ.

"परकी?" ती म्हणाली. "मना कोरोना झाला तवा तू दाराबाहेर उबा होतास, धन्या. आत पेज घेऊन कोन आली? गोजरे, कुटं सही करायची ती सांग. मी येतंय."

धनेश पायऱ्या उतरून निघून गेला.

सोमवारी नोंदणी कार्यालयात अधिकाऱ्यांनी गोजराला एकटीला विचारलं, "आजी, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"हाय ना," गोजरा म्हणाली. "ह्यो कागद करू नको म्हनून साऱ्या गावाचा दबाव हाय. तरी केला."

अधिकारी हसले आणि त्यांनी शिक्का मारला.

त्याआधीच वेणूबायनं साक्षीदाराच्या जागी एकेक अक्षर सावकाश काढलं होतं. तिघी बाहेर आल्या, तेव्हा चांगुणाबाईचे डोळे वाहत होते. "ताई, एवढं कशापायी केलंत हो?"

"रडू नको ग," गोजरानं तिचा हात धरला. "चल, पैला जेवू. आज मी हॉटेलात जेवनार, आनि तुमी दोगी गुपचूप माज्यासंगती बसनार."