काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

रविवारी सकाळी प्रसादने माझा लॅपटॉप डायनिंग टेबलावर घेतला आणि बाह्या सरसावल्या. नवऱ्याने आपणहून घरातलं काम अंगावर घेतलं की बायकोने खूश व्हायचं असतं. मी मात्र सिंकपाशी उभी राहून धुतलेलाच कप पुन्हा धूत होते.

"जुना झाला म्हणून टाकून कशाला द्यायचा?" तो म्हणत होता. "याच्या विंडोजचे अपडेट बंद झाले आणि नवीन विंडोज याला झेपत नाही. लिनक्स टाकतो. फुकट आहे. आमच्या तळोज्याच्या प्लांटमधल्या तेजसने त्याच्या डब्यावर टाकलंय, आता पळतोय तो. आणि तुला तर सोपंच जाईल. अक्षरं पाहिजे तेवढी मोठी करता येतात."

गोम नेमकी इथेच होती. मला अक्षरं दिसतच नाहीत, मोठी नाहीत की लहान नाहीत. आणि हे प्रसादला माहीत नव्हतं.

म्हणजे डोळ्यांचा आजार माहीत होता. तो तर लग्नाआधीच सांगितला होता, आमच्याकडे लपवाछपवी नव्हती. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं. शेवटी उजव्या डोळ्यात मधोमध रुपयाएवढी जागा उरली, आणि त्या रुपयातून मी कित्येक वर्षं संसार पाहिला. पुस्तक असो की वाणसामानाची पुडी, नाकाला लावून वाचायचे. दिवाळीच्या सुमारास तो रुपयाही धूसर होत होत गेला. आता ऊन थेट तोंडावर आलं तर उजेड आहे एवढं कळतं, बाकी काही नाही.

घरी सांगितलं नाही, कारण प्रसादची अट. महाप्याला एका विम्याच्या ऑफिसात मी ग्राहकांचे फोन घेते. आठवड्यातले तीन दिवस तिकडे जायचं, बाकीचे घरून काम. "जोवर दिसतंय तोवर जा," असं त्याने मागेच सांगून ठेवलं होतं. "नंतर घरी बस. मी आहे ना." हे तो प्रेमाने बोलला होता, ही खरी पंचाईत. रागाने बोलला असता तर भांडून मोकळी झाले असते. प्रेमाने घरी बसवणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही.

तसं माझं सगळं सुरळीत चाललं होतं. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरच्या मनस्वीला माहीत होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावर जे असेल ते कानात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पर्समध्ये घडीची पांढरी काठी असते. सोसायटीच्या गेटमधून सवयीने बाहेर पडायचं आणि बोनकोडेच्या वळणावर गेलं की काठी उघडायची. येताना त्याच वळणावर तिची घडी. घरच्या लॅपटॉपवरही मी तोच रीडर टाकून घेतला होता आणि कानात इअरफोन घालून बसायचे. प्रसादने एकदा विचारलं होतं, हे काय नवीन? मी म्हटलं, ऑफिसचं आहे. ऑफिसचं आहे म्हटलं की या घरात पुढचा प्रश्न येत नाही.

आता तो सगळंच पुसून नवीन टाकणार होता. त्यात माझा रीडरही जाणार.

"राहू दे ना," मी म्हटलं. "चालतोय तसा चालू दे."

"अगं, टेन्शन नको घेऊ. तुझ्या फाइल्स काढून ठेवल्यात मी."

फाइल्सचं मला काय लोणचं घालायचं होतं? पण बोलणार कशी. एक बरं होतं. आमचा फोनवर एक ग्रुप आहे, सगळे माझ्यासारखेच. तिथे मी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. लिनक्समध्ये रीडर आधीपासूनच असतो, फक्त चालू करायचा, असं उत्तर आलं होतं. ऑल्ट, विंडोजची खूण असलेलं बटण आणि एस, तिन्ही एकदम दाबायची. म्हणजे काम झालं की प्रसाद थोडा वेळ बाजूला गेला पाहिजे. मी रीडर चालू करणार, इअरफोन लावणार आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. तेवढा थोडा वेळच मला हवा होता.

"प्रसाद, कोथिंबीर संपलीये. खाली जाऊन येतोस?"

"मागवतो," तो म्हणाला आणि फोनवर टकटक केली. चहाचं आधण उकळायच्या आत बेल वाजली. कोथिंबीर दारात हजर. हल्ली नवऱ्याला घराबाहेर काढायची काही सोयच राहिलेली नाही.

मग मी घरभर फिरत राहिले. गॅलरीत गेले, वाळलेले कपडे काढले, ते अजून दमट आहेत हे लक्षात आलं, परत घातले. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या काढून पुसल्या. बसले की लगेच उठावंसं वाटायचं. टेबलाकडून लॅपटॉपच्या पंख्याची घरघर यायची, मधेच बंद पडायची, आणि प्रसाद त्याच्याशी बोलायचा. "अरे, घे ना पेन ड्राइव्ह. हां, आता कसा आलास लायनीवर." मला कधी इतक्या लाडाने बोललेला आठवत नाही. मध्ये एकदा गाणं गुणगुणायला लागला, तेव्हा माझा जीव अगदी टांगणीला लागला. प्रसाद गुणगुणतो म्हणजे काम होत आलेलं असतं.

"मराठीत पण आहे गं हे!" तो ओरडला. "सगळं मराठीत करून टाकतो."

"कर," मी म्हटलं आणि जेवायची ताटं मांडून टाकली. जेवायला उठला तर बरं. पण तो उठला नाही. "पाच मिनिटं," म्हणाला. भात गार झाला. मी त्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"झालं! ये इकडे. बस."

मी हात पुसत गेले. त्याने मला खुर्चीत बसवलं, खांद्याला धरून, नव्या नवरीला पाटावर बसवतात तसं.

"झाकणाला हात नको लावूस हां. आतली वायर ढिली झालीये. जरा हललं की डिस्प्ले जातो. मी बरोबर कोनात लावून ठेवलंय."

मी हो म्हटलं. खरं तर माझं लक्षच नव्हतं. मी मनातल्या मनात ती तीन बटणं घोकत होते. आणि त्याने काय केलं, तर दुसरी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या पलीकडे माझ्यासमोर जाऊन बसला. लॅपटॉपची पाठ त्याच्याकडे.

"तिकडे कशाला?"

"तुझा चेहरा बघायला," तो म्हणाला.

आता सांगा, अशा वेळी बाईने करायचं काय? मी केलं ते इतकंच, की जे रुपया शाबूत असताना करायचे तेच केलं. पुढे वाकले, झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि पडदा नाकापर्यंत ओढून घेतला. मान थोडी डावीकडे, उजवा डोळा मधोमध. दिवाळीपासून मी हे नाटक इतक्यांदा वठवलं होतं, की झाकणाला हात लावायचा नाही हे आत्ताच ऐकलेलं वाक्य त्यात कुठल्या कुठे गेलं.

"दिसतंय?"

"हो."

"खरंच? अक्षरं पुरेशी मोठी आहेत? काळ्यावर पिवळी केलीत. डॉक्टर म्हणाले होते ना मागे, तुला पिवळं उठून दिसतं म्हणून."

"मस्त दिसतायत," मी म्हटलं. "पिवळीधमक. एकदम स्वच्छ." आणि तेवढ्यावर थांबायचं ना! पण वेळ मारून न्यायची सवय लागली की जीभ पुढे पुढे धावते. "इतकं स्वच्छ तर आधीच्यात पण दिसत नव्हतं."

"आणि मागे फोटो लावलाय, तो?"

"गोड आलाय."

त्याने खुर्ची मागे सारली. "थांब, अजून एक दाखवतो," म्हणत टेबलाला वळसा घालून तो माझ्यामागे आला. त्याचा हात माझ्या खांद्यावरून पुढे गेला आणि तसाच राहिला. पंख्याची घरघर चालू होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला. मला सगळं समजलं. तरी मी मान तशीच तिरपी ठेवून बसले होते, एखाद्या मूर्खासारखी.

"वैदेही," तो म्हणाला. "स्क्रीन काळी आहे."

मी झाकण सोडलं.

"वायर हलली असेल," मी म्हटलं. ते इतकं केविलवाणं होतं की मलाच ऐकवेना.

"कधीपासून?"

"आत्ताच हलली."

"वायर नाही विचारत मी."

"दिवाळी," मी म्हणाले.

तो शेजारच्या खुर्चीत बसला. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मीही तोंड सोडलं असतं, तयारी होती माझी. तो फक्त म्हणाला, "मी सकाळपासून अक्षरं मोठी करतोय." मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून त्याचा भयंकर रागही आला. माझे डोळे गेले आणि समजूत मी त्याची काढायची!

"महाप्याला कशी जातेस?"

"काठी आहे. बसचा कंडक्टर ओळखतो. मनस्वी स्टॉपवर येते. जाते मी, प्रसाद. आठवड्यातले तीन दिवस जाते आणि तिन्ही दिवस घरी येते."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं नव्हतं. तू ठरवलं होतंस. मी हो म्हटलं, कारण तेव्हा मला दिसत होतं." माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "दिसायचं थांबलं म्हणून मी थांबायला पाहिजे का? त्या ऑफिसात मी फोन उचलते तेव्हा लोकांना वाटतं, ही बाई आपलं काम करून देईल. या घरात मी साधी सुरी उचलली तरी तू धावत येतोस. मला भीती डोळ्यांची नव्हती वाटत. तुझी वाटत होती. तू मला इतकं जपशील, की मी उरणारच नाही."

हे बोलून मीच घाबरले. मग तो उगाच लॅपटॉपकडे वळला आणि झाकण मागेपुढे करायला लागला.

"येतच नाहीये," तो पुटपुटला. "गेली ही वायर. वायफायचं राहिलं होतं जोडायचं. आता काही दिसल्याशिवाय कसं करणार?"

हा प्रश्न त्याने कुणाला विचारला, हे त्याच्या नंतर लक्षात आलं असावं. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला, बोटांनी बटणं चाचपली आणि तिन्ही एकदम दाबली.

क्षणभर काहीच नाही. मग लॅपटॉप बोलला. मराठीच, पण कुठल्या गावची ते देव जाणे. नाक दाबून धरलेला माणूस बोलावा तशी. इअरफोन हाताशी होते, मी ते लावले नाहीत. आज मोठ्यानेच बोलू दे म्हटलं. मी एकेक बटण दाबत पुढे सरकले, तो नाव सांगत गेला. नवीन घरात अंधारात भिंती चाचपाव्या लागतात, तसं दोनदा चुकले, मागे आले. मग वाट सापडली आणि त्याच्या बोलण्याचा वेग मी वाढवला.

"काय म्हणतोय तो?" प्रसादने विचारलं. "मला एक अक्षर कळत नाहीये."

"सवय लागते. वायफायचा पासवर्ड विचारतोय. सांग."

तो एकेक अक्षर सांगत गेला, मी दाबत गेले. जोडलं गेल्याचं लॅपटॉपने सांगितलं, तेवढं त्यालाही समजलं. "जोडलं?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सकाळचं गुणगुणणारं काहीतरी परत आलं. त्या काळ्या पडद्यापुढे आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो आणि या नव्या घरातली वाट फक्त मला ठाऊक होती.

"फोटो कुठला लावला होतास?" मी विचारलं.

"सागर विहारचा. खाडीकाठी तू कणीस खातेयस. दात पुढे, केस तोंडावर. तुला तो आवडत नाही."

"मग लावलास कशाला?"

"मला आवडतो."

जेवताना भात गार होता. कुणी तक्रार केली नाही. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "काठी दाखव." मी पर्समधून काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उघडली, तुकडे एकात एक बसताना खटखट वाजले. पुन्हा घडी केली, पुन्हा उघडली. उद्याचं त्याने काहीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, पण डबा कुठली भाजी घेऊन भरायचा ते मोठ्याने बोलून ठेवलं.

सोमवारी मी दारातच काठी उघडली. लिफ्टमध्ये शेजारच्या गीतांजलीवहिनी होत्या. त्यांचं "गुड मॉर्निंग" अर्ध्यात अडकलं, मी पूर्ण केलं. प्रसाद चपला घालून बरोबर आला होता.

"गेटपर्यंत येतो फक्त," तो म्हणाला. "हात धरत नाही."

"नकोच धरू."

गेटवर तो थांबला. "जपून," म्हणाला. मी निघाले. काठी फुटपाथच्या कडेला लागत होती, समोरून शाळेची मुलं दप्तरं खडखडवत गेली, वडापावच्या गाडीवर तेल तापल्याचा वास आला. आणि माझ्या मागे, बरंच अंतर राखून, त्याच्या चपला वाजत होत्या. डावी चप्पल घासते त्याची, कित्येक दिवस सांगतेय शिवून घे म्हणून. मी थांबले की त्या थांबायच्या, चालले की चालायच्या. बोनकोडेच्या वळणापर्यंत आल्या, तिथून पुढे स्टॉपपर्यंत आल्या.

त्याला वाटत होतं, मला कळत नाही. मी कळू दिलं नाही. दिवाळीपासून मी त्याच्यापासून जेवढं लपवलं होतं, त्यामानाने हे काहीच नव्हतं.

बस आली. चढताना मी मागे न वळता हात हलवला.