उत्तरेची खिडकी

“मास्तर, एवढी उंच खिडकी! हिच्यातून पाहीन कोन? उंट?” लोटू गवंडी चुना कालवायचा थांबून म्हणाला.

“ती पाहायला नाही, लोटू. उजेड यायला आहे. उत्तरेचा उजेड. त्यात ऊन नसतं. सकाळी काढलेलं नाक दुपारीही तेच नाक राहतं.”

लोटूने खात्रीसाठी स्वतःचं नाक चाचपलं आणि पुन्हा कामाला लागला.

अनंत मास्तर बुऱ्हाणपूरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. परसात चित्रं काढायला एक वेगळी खोली बांधायची, हा त्यांचा आठ वर्षांचा ध्यास. त्या आठ वर्षांत संस्थानं विलीन झाली, प्रांत मोडले, नवा मध्यप्रदेश झाला. पण दिल्लीने देशाचे काढले नसतील इतके नकाशे मास्तरांनी या एका खोलीचे काढले. एक वाऱ्याने उडून तापीत पडला, तर चार मासे त्यात राहायला गेले. मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही; त्यातल्याच एका माशाने सांगितलं.

भिंती दीड हात जाड, म्हणजे वैशाखातही आत गारवा. दार एकच, घट्ट बसणारं, ओल्या रंगावर धूळ नको म्हणून. घरापासून बारा पावलं लांब, कारण टर्पेंटाइनचा वास आईच्या, सोजरबाईंच्या, देवघरात गेला असता तर देवाआधी त्याच कोपल्या असत्या. आणि उत्तरेला, छताच्या जवळ, ती खिडकी.

हे सगळं एका चित्रासाठी. लग्नाच्या वर्षीच मास्तरांनी बायकोला, लीलाबाईंना शब्द दिला होता: तुझं चित्र काढीन, पण नीट उजेडात. त्याला अकरा वर्षं झाली होती.

“खिडकी होईल तुमची,” लीलाबाई म्हणत, “पण तोवर चेहरा राहायला हवा ना!”

खोली झाली. तो उजेड इतका थंड होता, की त्यात ठेवलेलं लोणी महिनाभर पाघळलं नसतं. मास्तरांनी अस्तर दिलेली मोठी फळी उभी केली, लीलाबाईंना समोर बसवलं.

“हलू नकोस.”

“श्वास घेऊ ना?”

“घे. पण एकसारखा घे.”

दोन सकाळी बैठक झाली. कोळशाने चेहरा रेखून झाला, डाव्या गालावर तैलरंगही चढला. तिसऱ्या सकाळी बदलीचा हुकूम आला. चार तुकड्यांचं एक राज्य झालं होतं, तेव्हा चार ठिकाणच्या मास्तरांचीही एकच यादी व्हायची होती. वर कोण, खाली कोण, याचा निकाल लागेपर्यंत इकडचे तिकडे आणि तिकडचे आणखी पलीकडे. अनंत मास्तरांच्या वाट्याला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचं, रीव्याकडचं एक गाव आलं.

निरोप द्यायला निंबोल्याहून थोरले भाऊ आले. चुडामण. केळीचे बागाईतदार. ते सहज खोलीत शिरले, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा डोळे पाणावलेले.

“अनंता, आठ वरीस तू केळी पिकवाची खोली काढत व्हता अन मले बोलला नाही?”

“दादा, ती चित्राची आहे.”

“ऊन नाही, वारा नाही, भिती जाड, दार घट्ट, घरापासून दूर. अरे, खकनारच्या व्यापाऱ्याकडं अशी नाही! चित्राची म्हनतो, तं चित्र काढनारा चाल्ला ना? तू येईस्तोवर पिकवतो.”

मास्तर रंगाच्या बाटल्या आवरायला लागले. मागे राहणारी आई आणि बायको आता दादाच्या बैलगाडीतून येणाऱ्या धान्यावरच राहणार होत्या.

मास्तर गेले आणि केळीचे घड आले. घड रचायचे, पानांनी झाकायचे, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुरी करून दार लावायचं. पण धूर त्या खिडकीतून पळू लागला. चुडामणांनी नजरेनेच खिडकीचं माप घेतलं आणि ती फळी उचलली.

लीलाबाईंनी पदर पुढे ओढला. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, सुनेने बोलायची रीत नव्हती. बोलायचं ते सासूच्या तोंडून.

“सासूबाई, त्यांना सांगा, ती चित्राची फळी आहे.”

सोजरबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे.

“ठोक रे,” त्या म्हणाल्या. “बराबर बसन.”

फळी बाहेरून ठोकली. चेहरा आत, धुराकडे.

उन्हाळ्याच्या सुटीत मास्तर आले. यादीचा निकाल लागला नव्हता. जूनमध्ये पुन्हा रीव्याकडे जायचं होतं. चहासुद्धा न घेता त्यांनी बाहेरून शिडी लावली, खिळे उपसले. धूर भसकन अंगावर आला, आणि त्यामागोमाग उजेड आत उतरला. घडांवर तो असा पसरला, जसा त्यांनी आठ वर्षं कागदावर मांडला होता. थंड, एकसारखा. केळ्यांच्या प्रत्येक फणीची कड दिसत होती.

“अनंता!” दाराकडून चुडामण ओरडले. “धूर चाल्ला! माल कच्चा राहीन ना!”

मास्तरांनी फळी धोतराच्या सोग्याने पुसली. कपाळ, डोळे, ओठ सगळं काळंमिट्ट. कोळशाची रेघ काजळीत कुठे गेली ते शोधूनही सापडेना. फक्त डाव्या गालावरच्या तेलावरून काजळी निसटली आणि रुपयाएवढा गाल उजळून निघाला.

चुडामण बैल सोडायला गेले. तेव्हा खालून लीलाबाई म्हणाल्या, “परत ठोकता?”

“उलटी करून. तू बाहेरच्या बाजूला.”

“पावसात भिजेल की.”

“भिजेपर्यंत तरी उजेडात राहील.”

लीलाबाईंनी पदरातले खिळे एकेक करून वर दिले. शेवटच्या खिळ्याला मास्तर टाचा उंचावून उभे राहिले, तशी शिडी डगमगली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि मान वर केली. उत्तरेचा उजेड सबंध चेहऱ्यावर पडला होता.

मास्तर वरून पाहतच राहिले.

“हलू नकोस,” ते म्हणाले.

“नाही हलत,” त्या म्हणाल्या. “ठोका तुम्ही.”