कासवाला बंदी आहे

फ्रिजमध्ये बर्फाचे खडे धाडकन पडले आणि आमचा अबोला मोडला.

"ह्यूस्टनला अंगणात हिरवळ असते," नवरा डेल म्हणाला. त्याला तिकडे नोकरी लागली होती.

"आणि पावसात त्या हिरवळीवर होडी लागते. आपल्या फिनिक्सच्या अंगणातली खडी बरी, कापावी लागत नाही," मी म्हणाले.

"जूनच्या उन्हात त्या खडीवर कुत्रंसुद्धा पाय टेकत नाही, बाईसाहेब."

घरं दोन्हीकडची सारखीच, मातकट, दोन गाड्यांच्या गॅरेजची. शेवटी ह्यूस्टन ठरलं.

आमच्या मुलीला, मेविसला मी सांगितलं, तुझं वाळवंटी कासव इथेच राहणार. ते आपल्या अ‍ॅरिझोना राज्याबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे.

"का?"

"कारण त्याचं घर इथे आहे, राणी."

तिने कासवाला जास्वंदीचं फूल भरवलं.

"मग मला न्यायला बंदी का नाही, आई?"